ओव्हीए बघायला सुरुवात कशी करायची: नवीन ॲनिमेप्रेमींसाठी पायरी पायरीने

ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) बघायला लागून वर्षभर झालं की जवळपास सगळ्यांना हा प्रश्न पडतो. एक सिरीज संपते, पुढचं काय म्हणून लिस्ट उघडली की त्याच नावाखाली पाच-सहा नोंदी दिसतात, काहींपुढे टीव्ही लिहिलेलं असतं, काहींपुढे मूव्ही, आणि मधेच कुठेतरी ओव्हीए. मग बहुतेक जण ते एक्स्ट्रा असेल, फिलर म्हणजे नुसता भरीचा भाग असेल, नाही बघितलं तरी चालेल असं धरून पुढे जातात. माझं म्हणणं एवढंच आहे की असं करू नका, कारण जपानी ॲनिमेमधली कित्येक जबरदस्त कामं टीव्हीवर पण आली नाहीत आणि थिएटरला पण लागली नाहीत, ती थेट व्हिडिओ कॅसेटवर आली आणि लोकांनी ती दुकानातून विकत किंवा भाड्याने घरी नेऊन बघितली. ओव्हीए म्हणजे ओरिजिनल व्हिडिओ ॲनिमेशन, जुने लोक ओएव्ही पण म्हणतात, दोन्ही एकच.

फक्त एक आहे, ओव्हीए डोळे झाकून कुठलीही उचलून बघितली तर गोंधळ होतो. कुठली आधी, कुठली नंतर, कुठली एकटी बघितली तरी चालते हे आधी कळायला हवं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

पायरी १: हा प्रकार आला कुठून ते समजून घ्या

ही पायरी गाळू नका प्लीज, कारण पुढच्या सगळ्या गोष्टी यावरच आहेत.

१९८० च्या सुरुवातीला जपानमधे घरोघरी व्हीसीआर यायला लागले होते. तोपर्यंत टीव्हीवरचं ॲनिमे म्हणजे मुख्यतः खेळणी विकणाऱ्या कंपन्यांचा पैसा, त्यामुळे रोबो असेल तर त्याचं खेळणं निघायला हवं, दर आठवड्याला भाग तयार पाहिजेच, आणि संध्याकाळी घरातली लहान मुलं बघणार म्हणून काय दाखवायचं आणि काय नाही याची बंधनं वेगळीच. आता सत्तरच्या दशकात ॲनिमे बघत वाढलेली पोरं तोपर्यंत कॉलेजला किंवा नोकरीला लागली होती, त्यांच्याकडे स्वतःचे पैसे होते आणि त्यांना त्यांच्या वयाचं काहीतरी हवं होतं. मग कंपन्यांनी विचार केला की टीव्ही चॅनेल आणि स्पॉन्सर यांना मधे घ्यायचंच कशाला, थेट बघणाऱ्यालाच विकूया.

डिसेंबर १९८३ मधे बँडाई ह्या कंपनीने 'दालोस' आणली, तिला पहिली ओव्हीए मानतात. बनवणारा स्टुडिओ पिएरो, म्हणजे पुढे नारुतो आणि ब्लीच करणारा तोच, आणि दिग्दर्शनात मामोरू ओशी, ज्यांनी १९९५ ला 'घोस्ट इन द शेल' केला तेच. चंद्रावर जन्मलेले खाणकामगार पृथ्वीच्या सत्तेविरुद्ध उठतात अशी कथा आहे, आणि बाजारात आधी आला तो कथेतला दुसरा भाग, पहिला त्याच्यानंतर, १९८४ च्या जानेवारीत. म्हणजे कुठल्या क्रमाने बघायचं हा घोळ अगदी पहिल्या ओव्हीएपासून आहे!

रोजचा पेपर आणि दिवाळी अंक यात जो फरक असतो ना तसा फरक टीव्ही सिरीज आणि ओव्हीएमधे आहे असं समजा. पेपर रोज निघायलाच हवा, जाहिरातीवर चालतो, जागा ठरलेली. दिवाळी अंक वाचक मुद्दाम पैसे मोजून घेतो, लेखकाला हवी तेवढी पानं मिळतात, विषयही जरा मोकळे असतात. ओव्हीएचा एक भाग २५ मिनिटांचा पण असू शकतो आणि सव्वा तासाचा पण. पुढचा भाग दोन महिन्यांनी पण येईल नाहीतर दोन वर्षांनी पण, 'जायंट रोबो'चे सात भाग पूर्ण व्हायला १९९२ ते १९९८ एवढा काळ गेला. पण त्या वेळेत काय केलं बघा, वॉर्सा फिलहार्मोनिकसारखा मोठा ऑर्केस्ट्रा घेऊन संगीत रेकॉर्ड केलं, तेही कॅसेटवर विकायच्या ॲनिमेसाठी.

ह्या सगळ्याला पैसा कुठून आला तर एक म्हणजे तेव्हा जपानची अर्थव्यवस्था फुगलेली होती, आणि दुसरं म्हणजे कॅसेट खूप महाग असायच्या. सामान्य माणूस सगळ्याच विकत घेऊ शकायचा नाही, म्हणून भाड्याने देणारी दुकानं हे मोठं गिऱ्हाईक होतं. १९८८ ला 'पॅटलेबर'ची (रोबो चालवणाऱ्या पोलिसांची गोष्ट) कॅसेट ४८०० येनला काढली तर ती स्वस्त म्हणून गाजली, यावरून अंदाज घ्या.

मग १९९० नंतर तो फुगा फुटला, आणि नव्वदच्या शेवटी अजून एक गोष्ट झाली, टीव्हीवर मध्यरात्रीनंतरचे स्लॉट ॲनिमेला मिळायला लागले. तिथे मोठ्यांसाठीची कथा दाखवता येते, चॅनेलवरचा शो हीच डिस्कची जाहिरात होते, म्हणजे जे काम आधी ओव्हीए करायची ते टीव्हीवरच व्हायला लागलं. त्यामुळे स्वतंत्र ओव्हीए कमी झाल्या आणि आता जो शिक्का दिसतो तो बहुतेक वेळा जोडकथेचा किंवा बोनस भागाचा असतो. नवीन बघणाऱ्यांचा गैरसमज होतो तो इथेच, ते २०१५ ची बोनस ओव्हीए बघतात आणि १९८८ ची पण तशीच असेल असं धरून चालतात.

पायरी २: समोरची ओव्हीए कुठल्या जातीची आहे ते ओळखा

माय ॲनिमे लिस्ट किंवा ॲनिलिस्ट ही ॲनिमेची माहिती देणारी वेबसाइट उघडा, त्या नावाचं पान काढा आणि तीन गोष्टी बघा: साल, भागांची संख्या, आणि संबंधित नोंदी म्हणून जी यादी असते ती. प्रीक्वेल, सीक्वेल, साइड स्टोरी, अल्टरनेटिव्ह व्हर्जन असे शब्द तिथे असतात आणि ते खरंच उपयोगी आहेत. एवढं बघितलं की खालच्यापैकी कशात बसते ते लगेच कळतं.

स्वतंत्र ओव्हीए. हिच्या आधी काही नाही, किंवा असलं तरी ते न बघता चालतं. 'गनबस्टर', 'बबलगम क्रायसिस', 'रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर' ह्या सगळ्या अशा. साल १९८४ ते २००२ च्या दरम्यानचं आणि भाग चार ते तेरा असतील तर बहुतेक वेळा ही जात. खरा खजिना इथे आहे.

दुसरा प्रयत्न. म्हणजे टीव्हीवर एकदा सिरीज झाली पण तेव्हा मांगा (मूळ जपानी कॉमिक) पूर्ण नव्हती म्हणून कथा भलतीकडे गेली, मग नंतर ओव्हीएमधे मांगाला धरून पुन्हा सुरुवातीपासून केली. ठळक उदाहरण 'हेलसिंग'. २००१ ची टीव्ही सिरीज १३ भागांची, आणि २००६ ते २०१२ मधे आलेली 'हेलसिंग अल्टिमेट' १० भागांची. इथे दोन्ही बघायची सक्ती नाही, थेट अल्टिमेट बघा.

पुढे चालू. टीव्ही सिरीज मधेच थांबली आणि उरलेली कथा कॅसेट किंवा डीव्हीडीवर पूर्ण केली. 'हंटर एक्स हंटर'ची १९९९ ची सिरीज ६२ भागांनंतर थांबली आणि पुढचे ३० भाग तीन ओव्हीए मिळून आले. पण तुम्ही २०११ ची सिरीज बघितली असेल तर तो सगळा भाग तिच्यात आलाय, त्यामुळे ह्या तीन ओव्हीए तुमच्यासाठी गरजेच्या नाहीत. लिस्टवर हे सरळ लिहिलेलं नसतं, म्हणून साल बघायचं.

जोडकथा किंवा पूर्वकथा. मूळ सिरीजच्या जगातलीच पण बाजूची गोष्ट. यात कधी कधी मूळ सिरीजपेक्षा भारी काम सापडतं, 'रुरोनी केनशिन'ची १९९९ ची चार भागांची पूर्वकथा हे त्याचं उदाहरण, तिच्याबद्दल पुढे लिहितो.

आणि मांगासोबतची डिस्क, हिला ओएडी म्हणतात. मांगाच्या खंडाची स्पेशल आवृत्ती काढायची आणि त्यात एक डीव्हीडी घालायची, कोडान्शा हा प्रकाशक यात पुढे होता. 'अटॅक ऑन टायटन'च्या आठ ओएडी अशाच आल्या. यातल्या काही नुसत्या मजेच्या असतात, काही खरंच महत्त्वाच्या.

अजून एक शब्द दिसेल, ओएनए. तो थेट इंटरनेटवर आलेल्या ॲनिमेसाठी. आज जे काम थेट स्ट्रीमिंगवर येतं ते त्यात मोडतं, तो वेगळा विषय आहे.

पायरी ३: कधी बघायची ते ठरवा

साधा नियम असा की ज्या क्रमाने जपानमधे आलं त्या क्रमाने बघा. कथेतल्या काळाप्रमाणे लावायला जाऊ नका, विशेषतः पहिल्यांदा बघताना. पूर्वकथा असली तरी ती बनवणाऱ्याने असं धरलेलं असतं की बघणाऱ्याला मुख्य गोष्ट माहितीये, त्यामुळे आधी बघितली तर मुख्य सिरीजमधले धक्के फुकट जातात.

टायटनचंच बघा. 'इल्झेची वही' पहिल्या सीझननंतर बघा, लीव्हाय ह्या पात्राच्या भूतकाळाची 'नो रिग्रेट्स' (दोन भाग) पण पहिल्या सीझननंतरच, आणि 'लॉस्ट गर्ल्स'चे तीन भाग दुसऱ्या सीझननंतर. उरलेल्या कधीही बघा, फारसं काही बिघडत नाही. लीव्हाय आवडत असेल तर 'नो रिग्रेट्स' सोडूच नका, त्याच्या वागण्यातल्या कितीतरी गोष्टींचा अर्थ तिथे लागतो.

नियमाला अपवाद आहेत. 'पॅटलेबर' बघायला गेलात तर तिथे दोन वेगळ्या धारा आहेत हे आधीच माहिती पाहिजे. १९८८ ची पहिली ओव्हीए (सात भाग), १९८९ चा पहिला सिनेमा आणि १९९३ चा दुसरा सिनेमा ही एक धार. १९८९-९० ची टीव्ही सिरीज (४७ भाग) आणि तिच्या पुढे चालू असलेली १९९० ते १९९२ ची दुसरी ओव्हीए (१६ भाग) ही दुसरी धार, आणि हिची सुरुवात पुन्हा पहिल्यापासून होते. पात्रं तीच, रोबो तेच, पण ओळख नव्याने. नवीन माणसाने पहिली धार घ्यावी, ती छोटी आहे आणि पहिला सिनेमा तर अप्रतिम आहे. दुसरा सिनेमा संथ आणि गंभीर आहे, राजकारणाचा आहे, तो लगेच न बघता थोडं थांबून बघितलात तरी चालेल.

आणि एक, एखाद्या मोठ्या सिरीजच्या टीव्हीआधीच्या ओव्हीए पण असतात. 'वन पीस'ची टीव्ही सिरीज तोएई स्टुडिओने १९९९ ला सुरू केली पण त्याच्या आदल्या वर्षी प्रॉडक्शन आयजी ह्या स्टुडिओने एक छोटी ओव्हीए केली होती, आवाज देणारे कलाकारही वेगळे. अशा गोष्टी फॅन झाल्यावर बघायच्या, सुरुवातीला नाही.

पायरी ४: पहिल्या तीन

ह्या पायरीवर मी जरा जास्त वेळ घेणारे कारण पहिली ओव्हीए चुकीची निवडली की लोक परत तिकडे फिरकत नाहीत. मी मुद्दाम छोट्या, पूर्ण झालेल्या आणि आधीचं काही न बघता कळतील अशा निवडल्यात.

पहिली, 'गंडम ००८०: वॉर इन द पॉकेट', १९८९, सहा भाग. गंडम म्हणजे रोबो आणि युद्धाच्या गोष्टींची भलीमोठी मालिका, नाव काढलं की लोक घाबरतात, चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा पसारा आहे, कुठून सुरुवात करायची. पण ही गंडमची पहिली ओव्हीए, आणि मूळ निर्माते योशियुकी तोमिनो यांच्याऐवजी दुसऱ्या माणसाने, फुमिहिको ताकायामा यांनी, दिग्दर्शित केलेली पहिली गंडम. एका तटस्थ अंतराळ वसाहतीत राहणारा ॲल नावाचा शाळकरी मुलगा आहे, त्याला युद्ध म्हणजे भारी रोबो आणि बिल्ले असंच वाटतं. त्याची शत्रूपक्षातल्या बर्नी नावाच्या नवख्या सैनिकाशी दोस्ती होते, आणि शेजारी राहणारी क्रिस त्याला मोठ्या बहिणीसारखी. एवढंच माहिती असू द्या. रोबोंची मारामारी सगळी मिळून थोडीच आहे आणि जी आहे तिच्यात घरं मोडताना दिसतात, गल्ल्या उद्ध्वस्त होताना दिसतात, म्हणजे खेळणी विकायच्या टीव्ही शोमधे जे दाखवायला कुणी धजावलं नसतं ते इथे आहे. शेवटच्या भागाबद्दल कुठेही काही वाचू नका, कमेंट तर अजिबात बघू नका. मूळ गंडम न बघता ही शंभर टक्के कळते, युद्ध चालू आहे आणि दोन बाजू आहेत एवढं पुरतं.

दुसरी, 'गनबस्टर', १९८८-८९, सहा भाग, गायनॅक्स स्टुडिओ. हिदेआकी आन्नो यांचं दिग्दर्शक म्हणून पहिलं काम, त्यांच्याच गाजलेल्या 'इव्हँगेलियन' सिरीजच्या सात वर्ष आधीचं. पहिला भाग बघून तुम्हाला वाटेल की हे काय, शाळेतल्या मुली, खेळाच्या मांगासारखं ट्रेनिंग, रोबो पुशअप्स मारतायत. थांबा. तिसऱ्या भागापासून स्वर बदलायला लागतो. प्रकाशाच्या वेगाजवळ प्रवास केला की प्रवाशाचा वेळ हळू जातो हे सगळे शाळेत वाचतात, पण इथे ते काळजाला लागतं, कारण नोरिको मोहिमेवरून परत येते तेव्हा तिच्यासाठी काही महिने गेलेले असतात आणि पृथ्वीवर राहिलेल्या मैत्रिणीचं लग्न होऊन तिला मूल झालेलं असतं. शेवटचा भाग जवळजवळ सगळा कृष्णधवल आहे. तुमच्या टीव्हीचा रंग गेलेला नाही, तो तसाच आहे, शेवटपर्यंत बसा. एवढं सांगून ठेवतो की सुरुवातीच्या भागांत आंघोळीचे वगैरे सीन आहेत, घरच्यांसोबत हॉलमधे बघायची नाही.

तिसरी, 'रुरोनी केनशिन'ची पूर्वकथा, इंग्रजीत 'ट्रस्ट अँड बिट्रेयल' नावाने मिळते, १९९९, चार भाग, दिग्दर्शक काझुहिरो फुरुहाशी. टीव्हीवरचा केनशिन हसरा, मधेच कार्टूनसारखे डोळे करणारा आहे. इथे १८६० च्या दशकातलं क्योतो, शोगुनची (लष्करी शासकाची) सत्ता कोसळतीये, आणि चौदा-पंधरा वर्षांचा एक पोरगा क्रांतिकारकांसाठी माणसं मारतोय. त्याच्या गालावरच्या खुणेची गोष्ट आहे ही. विनोद जवळपास नाहीच, बोलणं कमी, पाऊस, बर्फ, शेतातलं काम, आणि मारामारी दोन-तीन सेकंदात संपणारी. मी वर म्हटलं की पूर्वकथा नंतर बघा, पण ही एक मी नवीन माणसाला आधी बघायला सांगतो, कारण हिचा सूरच इतका वेगळा आहे की ती एकटी उभी राहते. फक्त रक्त भरपूर आहे हे लक्षात ठेवा.

ह्या तीनमधली एक जरी आवडली तर पुढे 'मॅक्रॉस प्लस' घ्या, १९९४-९५, चार भाग. शोजी कावामोरी आणि शिनइचिरो वातानाबे यांचं दिग्दर्शन, योको कान्नोचं संगीत, वातानाबे आणि कान्नो यांनीच पुढे 'काउबॉय बीबॉप' केली, म्हणजे ती आवडलेल्यांना हा पत्ता वेगळा सांगायला नको. दोन टेस्ट पायलट, लहानपणीचे मित्र, आता एकमेकांचं तोंड न बघणारे, आणि शॅरन ॲपल नावाची कम्प्युटरने बनवलेली गायिका जिच्यामागे गर्दी वेडी झालीये. १९९४ मधे हे लिहिलंय हे आज बघताना सारखं जाणवत राहतं. याची सिनेमा आवृत्ती पण आहे पण आधी चार भागच बघा, सिनेमात कापाकापी केलीये आणि काही नवीन सीन घातलेत, तो नंतर तुलना म्हणून छान वाटतो.

पायरी ५: टीव्हीचं सेटिंग नीट करा

जुन्या ओव्हीए ४:३ मापाच्या आहेत, म्हणजे आजच्या रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूला काळे पट्टे येणार. ते येऊ द्या. रिमोटवरचं स्ट्रेच, झूम, फिल जे काय असेल ते बंद करा, नाहीतर माणसं बुटकी जाडी दिसतात किंवा डोक्याचा वरचा भाग कापला जातो. दुसरं म्हणजे मोशन स्मूदिंग, प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते, ते पण बंद. हाताने काढलेल्या चित्रात एकेक चित्र दोन-तीन फ्रेम थांबवलेलं असतं ते मुद्दाम, टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःहून घालायला गेला की सगळं चिकट वाटतं.

चित्राच्या दर्जाबद्दल लोकांना एक आश्चर्य वाटतं, १९८८ ची ओव्हीए ब्लूरेवर झकास दिसते आणि २००१ ची धूसर. कारण असं की जुन्या ओव्हीए सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या पातळ शीटवर, रंगवून फिल्मवर शूट केलेल्या, कॅसेट हे फक्त विकायचं माध्यम होतं, त्यामुळे मूळ फिल्म जपलेली असेल तर ती आज पुन्हा स्कॅन करून एकदम स्वच्छ चित्र मिळतं. २००० च्या आसपास डिजिटल रंगकाम आलं, तेव्हा बरंचसं काम त्या काळच्या टीव्हीच्या रिझोल्यूशनलाच तयार व्हायचं, मग त्यात नसलेलं तपशील आता कुठून आणणार. म्हणून निवडायची वेळ आली तर फिल्मवरून नव्याने स्कॅन केलेली आवृत्ती घ्या, नुसतं मोठं केलेलं नको.

पायरी ६: मिळवायची कुठून

क्रंचीरोल (ॲनिमेचं स्ट्रीमिंग ॲप) आणि नेटफ्लिक्सवर आधी शोधा. ओव्हीए बऱ्याचदा स्वतंत्र नावाने नसते, मूळ सिरीजच्या पानावर सीझनच्या यादीत खाली स्पेशल्स किंवा ओव्हीए म्हणून टाकलेली असते, त्यामुळे सर्चमधे आली नाही म्हणजे नाहीच असं समजू नका, सीझनचा ड्रॉपडाउन उघडून बघा. 'जोजो' ह्या सिरीजच्या जगातली 'दस स्पोक किशिबे रोहान' जपानमधे डिस्कवर आली आणि २०२१ ला नेटफ्लिक्सवर आली, असे प्रकार होत असतात. लायसन्स देशाप्रमाणे आणि वेळेप्रमाणे बदलतात, आज आहे ते पुढच्या वर्षी जाऊ शकतं, म्हणून बघायची ठरवलीत तर लवकर बघून टाका. गंडमसाठी गंडमइन्फो हे अधिकृत यूट्यूब चॅनेल आहे, तिथे वेळोवेळी भाग लावतात, त्याला सबस्क्राइब करून ठेवा.

हिंदी डब आता भरपूर यायला लागलेत पण ते मुख्यतः नवीन सिरीजचे, जुन्या ओव्हीए तुम्हाला जपानी आवाज आणि इंग्रजी सबटायटल अशाच बघाव्या लागतील असं धरून चला. पुण्यात वगैरे जपानी शिकणारे आपल्यातले कितीतरी लोक आहेत, त्यांना खास सांगतो की ऐकायच्या सरावासाठी 'पॅटलेबर' घ्या. पोलिस स्टेशनातलं ऑफिसचं बोलणं आहे, वरिष्ठांशी कसं, बरोबरीच्याशी कसं, फोनवर कसं, सगळं रोजच्या वापरातलं.

डिस्क विकत घ्यायची असेल तर दोन गोष्टी तपासा. एक म्हणजे रीजन, डिस्क कुठल्या देशातल्या प्लेयरवर चालेल ते त्यावर ठरतं. डीव्हीडीला जपान रीजन २ आणि भारत रीजन ५, ब्लूरेला जपान आणि अमेरिका दोन्ही रीजन ए आणि भारत सी. म्हणजे इथे घेतलेल्या साध्या प्लेयरवर रीजन लॉक असलेली डिस्क चालणार नाही, सगळे रीजन चालवणारा प्लेयर लागेल. दुसरं, जपानी डिस्कवर बहुतेक वेळा इंग्रजी सबटायटल नसतात. 'गंडम युनिकॉर्न' सारख्या काही डिस्कवर आहेत पण तो अपवाद, त्यामुळे पाकिटावरची भाषेची माहिती वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. वर कस्टम ड्युटी लागू शकते ती हिशोबात धरा. अमेरिकेत किंवा युकेत नातेवाईक असतील तर तिथल्या आवृत्त्या त्यांच्याकडून मागवणं सोपं पडतं, पण युकेचं ब्लूरे रीजन बी असतं हे विसरू नका.

पायरी ७: वयाची खात्री करा

थोडक्यात सांगतो. टीव्हीची बंधनं नव्हती याचा अर्थ हिंसा आणि सेक्सची पण बंधनं सैल होती, आणि ८०-९० च्या दशकात केवळ त्यावर विकल्या गेलेल्या ओव्हीए कमी नाहीत. चित्र गोड दिसतंय म्हणून लहान भावाबहिणीला लावून देऊ नका. रेटिंग बघा, आणि कंटेंट वॉर्निंग वाचा. 'हेलसिंग अल्टिमेट' तर पूर्णपणे मोठ्यांसाठी.

पायरी ८: मोठं काम हातात घ्या

चार-पाच छोट्या ओव्हीए झाल्या की मग 'लेजेंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज'. ११० भाग. हो, एकशे दहा भागांची ओव्हीए, १९८८ ते १९९७ मधे चार टप्प्यांत आलेली (२६, २८, ३२ आणि २४ भाग). पहिला टप्पा तर ग्राहकांनी आधी नाव नोंदवायचं आणि दर आठवड्याला कॅसेट पोस्टाने घरी यायची अशा पद्धतीने विकला. टीव्ही चॅनेल नसताना एवढी मोठी गोष्ट फक्त घेणाऱ्यांच्या भरवशावर नऊ वर्षांत पूर्ण झाली, याचं मला अजूनही खूप कौतुक वाटतं.

योशिकी तानाका यांच्या दहा कादंबऱ्यांवर आहे, मुख्य दिग्दर्शक नोबोरू इशिगुरो. एकीकडे साम्राज्य, त्यात खालून वर चढत गेलेला राइनहार्ड, दुसरीकडे लोकशाही, पण सडत चाललेली, आणि तिच्यात यांग वेन-ली नावाचा सेनापती ज्याला खरं तर इतिहासकार व्हायचं होतं. चांगला हुकूमशहा बरा की वाईट लोकशाही, हा प्रश्न ११० भाग कुणाचीही बाजू सोपी न करता चालवलाय. अवकाशातल्या लढाईच्या मागे माहलर, ब्रुकनर, बीथोव्हेन वाजतात. आपल्याकडे ज्यांना पानिपत, पेशवाईतलं राजकारण, कुणी कुणाला का दगा दिला यावर तासन्‌तास बोलायला आवडतं त्यांनी तर ही बघितलीच पाहिजे.

क्रम असा ठेवा: आधी १९८८ चा 'माय कॉंक्वेस्ट इज द सी ऑफ स्टार्स' हा तासाभराचा सिनेमा. मग १९९३ चा 'ओव्हर्चर टू अ न्यू वॉर', यात मालिकेचे पहिले दोन भाग नव्याने आणि जास्त नीट मांडलेत, म्हणून तो बघून झाला की मालिका तिसऱ्या भागापासून धरा. पात्रं शेकड्याने आहेत आणि नावं जर्मन धाटणीची, सुरुवातीला ओबरस्टाईन कोण आणि मितरमायर कोण हे डोक्यात बसत नाही, पण पडद्यावर नाव आणि हुद्दा लिहून येतो आणि सूत्रधार मधेमधे समजावत राहतो, त्यामुळे वही घेऊन बसायची गरज नाही. विकिपीडियावर मात्र पात्राचं नाव शोधू नका, पहिल्याच ओळीत तो कधी मरतो ते लिहिलेलं सापडू शकतं. एका दिवसात दोन-तीन भागांपेक्षा जास्त बघू नका, चर्चा भरपूर असते, घाईत बघितलं तर निसटतं. आणि सव्विसाव्या भागापर्यंत तरी जा, पहिला टप्पा तिथे संपतो, पुढे बघायचं की नाही ते तिथे पोचल्यावर ठरवा.